बिचाऱ्या खेकड्यांना तरी सोडा

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी परवा परत ती खेकड्यांची पोस्ट टाकली. तुम्हालाही आली असणार, वर्षातून चारदा तरी फिरते. ज्यांना आली नाही (असं कोण आहे?) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक्सपोर्टला खेकड्यांच्या टोपल्या चालल्यात, सगळ्यांना झाकण आहे, एकीला नाही. साहेब विचारतो अरे पळून जातील की, तर माणूस म्हणतो काळजी नको साहेब, ते मराठी खेकडे आहेत, एक वर चढला की बाकीचे खाली ओढतात. आणि मग खाली प्रवचन: ही वृत्ती फक्त आपल्यातच आहे, गुजराती-मारवाडी एकमेकांना वर घेतात म्हणून ते मालक नि आपण नोकर, संतांनीच आपल्याला 'ठेविले अनंते' शिकवलं, मानसशास्त्रानेही हे सिद्ध केलंय, आणि मुळात हे आपल्या रक्तातच आहे. पटलं तर पुढे पाठवा.

एरवी मी असल्या पोस्ट सोडून देतो. या वेळी नाही सोडली, कारण त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, भोसरीच्या शेडमधला एक लेथ (धातू कातायचं मशीन) विकला आणि ग्रुपवर सगळ्यांना कळत होतं की पोस्ट कुणाला बघून टाकलीय. दादाचं पुढे सांगतोच, आधी एकेक मुद्दा घेऊ.

"खेकडे एकमेकांना खाली ओढतात"

मी ज्या मावशींकडून चिंबोऱ्या घेतो त्यांना रविवारी सरळ विचारलं. टबात ओलं गोणपाट, खाली नांग्या सुतळीने बांधलेल्या चिंबोऱ्या, एकीची सुतळी सैल झालेली, ती काठावर चढत होती आणि दुसरी तिच्या मागच्या पायाला लटकलेली, म्हणजे अगदी पोस्टमधलं चित्र. म्हटलं मावशी, ही हिला खाली ओढतेय ना? त्या हसल्या. "वडत नाय रं, धरतंय ते. घाबरलेलं जनावर, गावंल त्याला धरतंय." मग नांग्या कशाला बांधता विचारलं, तर म्हणे एका टबात कोंबल्या की एकमेकींच्या नांग्या मोडतात, आणि नांगी मोडली की गिऱ्हाईक भाव पाडतं. खाडीत कांदळवनाच्या चिखलात ज्याचं त्याचं बीळ असतं, तिथे कोण कुणाच्या पायाला लटकायला येतंय! म्हणजे खेकड्याचा स्वभाव म्हणून जे आपण पिढ्यान्पिढ्या सांगतोय तो खरं तर टबाचा स्वभाव आहे. पोस्टमध्ये टोपलीला झाकण का नाही यावर एवढी चर्चा, त्यांना टोपलीत भरलं कुणी यावर एक ओळ नाही.

"ही वृत्ती फक्त मराठी माणसातच आहे"

माझ्या ऑफिसात एक मल्याळी मित्र आहे, त्याच्याकडे हीच गोष्ट आहे, फक्त खेकडे केरळचे. परदेशात राहणारे लोक 'भारतीय खेकडे' म्हणून सांगतात. फिलिपिन्समध्ये तर यासाठी रोजच्या बोलण्यातला शब्दच आहे, 'उताक तालांका', म्हणजे खेकड्याचं डोकं, आणि तिथले लोकही अगदी आपल्यासारखेच मान हलवून म्हणतात की काय करणार, आमची जातच अशी. ऑस्ट्रेलियात वर गेलेल्या माणसाला खाली आणण्याला उंच वाढलेलं खसखशीचं फूल छाटणं म्हणतात. जपानीत म्हण आहे, वर आलेल्या खिळ्यावर हातोडा बसतो. डेन्मार्क-नॉर्वेकडे 'यांटचा कायदा' म्हणतात, १९३३ सालच्या एका कादंबरीतून आलेला शब्द, त्याचा गाभा एवढाच की तू कुणीतरी खास आहेस असं समजू नकोस.

आता इथे थांबून विचार करा. खाली ओढल्याने समाज गरीब राहतो असं पोस्ट म्हणते ना, मग नॉर्वे आणि जपान भिकेला लागायला हवे होते.

आणि आपल्यालाच आपली माणसं का आडवी येतात असं वाटतं, त्याचं उत्तर साधं आहे. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच मांडलं होतं की माणूस स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्याच माणसाशी. अंबानींनी नवीन बंगला बांधला तर माझ्या पोटात काही दुखत नाही, समोरच्या ब्लॉकवाल्या जोशांनी एसयूव्ही घेतली की दुखतं. मराठी माणसाचा शेजारी, साडू, मेहुणा, ऑफिसातला सहकारी बहुतेक वेळा मराठीच असतो, मग जळणार कोण, फिनलंडचा माणूस? गुजराती माणसावर त्याचे गुजराती भाऊबंद जळतातच की, फक्त ते आपल्याला ऐकू येत नाही कारण ते त्यांच्या फॅमिली ग्रुपवर चालतं.

"गुजराती-मारवाडी एकमेकांना वर घेतात, आपण नाही"

हा मुद्दा नीट घ्यायला हवा कारण यात अर्धं खरं आहे. मारवाडी पोरगं कलकत्त्याला उतरायचं तेव्हा त्याच्यासाठी 'बासा' असायचा, राहायची-जेवायची सोय, पेढीवर काम शिकायचं, मग ओळखीवर उधारी आणि स्वतःची गादी. यात प्रेमाचा भाग असेलही, पण मुख्य म्हणजे ती सिस्टिम होती. पैसे बुडवलेस तर गावात तोंड दाखवता येणार नाही, लग्न जमणार नाही, या धाकावर विश्वास उभा होता.

आणि हीच सिस्टिम मराठी माणसांनी जिथे उभी केली तिथे हुबेहूब तसंच घडलंय. सांगली जिल्ह्यातला विटा-खानापूर-आटपाडी पट्टा बघा, दुष्काळी भाग, आणि तिथली गलाईवाली माणसं केरळ-तामिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत सराफ बाजारात बसलेली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. गावाकडचं पोरगं चुलत्याच्या नाहीतर मामाच्या दुकानात भट्टीवर बसतं, तिथली भाषा शिकतं, आणि काही वर्षांनी दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकतं. लोकांचं सोनं हाताळायचा धंदा आहे हा, इथे पाय ओढणारी माणसं एक दिवस टिकली नसती. मुंबईचे डबेवाले घ्या, १८९० पासून चालू आहेत, बहुतेक जण मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले, भरती गावच्या ओळखीवर आणि टोळीतली कमाई वाटून घ्यायची. गिरणगावात एकेका गावाच्या सामायिक खोल्या असायच्या आणि खाणावळी असायच्या, तो आपला बासाच की. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांना एकत्र करून १९५० च्या सुमाराला साखर कारखाना उभा केला. (पुढे सहकारात काय काय झालं ते मला माहितीये, कमेंटमध्ये सांगू नका. पण तो सत्तेचा खेळ होता, आणि सत्तेच्या खुर्च्या मोजक्या असल्या की कुठल्याही भाषेची माणसं तशीच वागतात.)

आता दादा. दादाला कुणीही खाली ओढलेलं नाही. त्याचं जॉबवर्क एका मोठ्या कंपनीला जातं, नाव नाही घेत, आणि त्या कंपनीने सात महिन्यांचं बिल अडकवून ठेवलंय. २००६ चा एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा, कायदा सांगतो की करार काहीही असो, पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. दादाचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आहे, तक्रारीसाठी पोर्टल आहे, सगळं आहे, पण तक्रार केली की पुढची पर्चेस ऑर्डर येणार नाही हे त्याला माहितीये आणि कंपनीलाही माहितीये. मग पगार, वीजबिल, हप्ता, आणि शेवटी लेथ. यात खेकडा कुठे बसतो ते काकांनी मला सांगावं. उलट खेकड्याची गोष्ट सांगितली की ज्याने पैसे दाबलेत तो अलगद सुटतो आणि आपण आपल्याच नातेवाइकांकडे संशयाने बघत बसतो.

"संतांनी 'ठेविले अनंते' शिकवलं"

हे म्हणणाऱ्याने तुकोबांचं चरित्र चाळलेलं नाही. घर वाण्याचं, महाजनकी, सावकारी, दुकान, दुष्काळात दिवाळं हे सगळं त्या माणसाने भोगलंय. आणि 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे' हेही त्यांचंच आहे. एक ओळ उचलायची नि तीनशे-साडेतीनशे वर्षांचं खापर त्यावर फोडायचं. पुढे.

"मानसशास्त्राने सिद्ध केलंय"

क्रॅब मेंटॅलिटी, म्हणजे ही खेकड्यांची वृत्ती, हा कुठला आजार किंवा निदान नाहीये, बोलीतला शब्द आहे. पण चांगलं वागणाऱ्याला शिक्षा करण्याचा अभ्यास मात्र झालाय आणि तो पोस्टपेक्षा कितीतरी इंटरेस्टिंग आहे. हेरमान, ट्योनी आणि गेख्टर या तिघांनी १६ शहरांत एक खेळ खेळवला, २००८ ला तो 'सायन्स'मध्ये छापून आला. चार जण, प्रत्येकाला २० टोकन. सामायिक डब्यात जेवढं टाकाल ते वाढतं आणि चौघांत सारखं वाटलं जातं, न टाकणाऱ्यालाही. आपल्याकडच्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं समजा. मग स्वतःचं एक टोकन खर्च करून दुसऱ्याची तीन टोकनं कापता येतात. सगळीकडे लोकांनी चुकारांना कापलं, ते अपेक्षितच होतं. पण काही शहरांत ज्यांनी जास्त टाकलं त्यांनाच लोकांनी कापलं! हे सगळ्यात जास्त दिसलं मस्कत आणि अथेन्समध्ये, बोस्टन-मेलबर्नमध्ये फार कमी. आणि हा फरक कशाशी जुळत होता, तर त्या समाजात कायदा किती चालतो, आणि फुकट प्रवास, टॅक्सचोरी वगैरे लोकांना कितपत गैर वाटतं याच्याशी. म्हणजे खालीओढू वृत्ती असते, जागेप्रमाणे कमीजास्तही होते, पण त्या १६ शहरांत मुंबई-पुणे सोडाच, भारतातलं एकही शहर नव्हतं. सिद्ध काय केलं मग, कुणी?

"हे आपल्या रक्तातच आहे"

रक्तात नाही, सवयीत असतं, आणि सवय कामातून येते. इंडोनेशियात लामालेरा गावची माणसं होड्या घेऊन देवमाशाची शिकार करतात, एकट्याने होणारं कामच नाही ते. तिथे जोसेफ हेन्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात, मिळालेल्या पैशातले किती, नाव न कळलेल्या दुसऱ्या गावकऱ्याला देऊ करशील (त्याने नाकारलं तर दोघांनाही काही नाही) असं विचारलं तर लोकांनी सरासरी निम्म्याहून जास्त देऊ केले. पेरूच्या जंगलातले माचिगेंगा, जिथे बहुतेक काम घरापुरतं चालतं, त्यांनी चौथाईच्या आसपास. रक्त तपासलं नव्हतं कुणी.

आमच्याच घरातलं सांगतो. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि आजोबा परत कधी आत गेलेच नाहीत. काका तेव्हा दहावीला. आजीने तांब्याची घागर आणि दोन पातेली विकलेली त्यांनी डोळ्यांनी बघितलीत. दादाने पहिलं लोन काढलं तेव्हा काका म्हणाले होते "पगार काय वाईट होता रे तिथे?" आणि मला तेव्हा त्यांचा खूप राग आला होता, वाटलं हेच ते पाय ओढणं. तसं नव्हतं ते. ज्या घराने एकदा चूल विझताना बघितलीय ते घर पोराला जोखमीपासून मागे खेचतंच, हीसुद्धा संस्कृतीच आहे, फक्त तिची तारीख सांगता येते.

"पटलं तर पुढे पाठवा"

यावर शेवटचं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये दगड झालेल्या प्राचीन लाकडांचं एक नॅशनल पार्क आहे, लोक तिथून तुकडे चोरतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्याच्या टीमने तिथे दोन प्रकारच्या पाट्या लावून बघितल्या. एका पाटीचा सूर असा की आधी आलेल्या खूप लोकांनी तुकडे नेले, त्याने पार्कची वाट लागतेय. दुसरी साधी, कृपया नेऊ नका. पहिल्या पाटीपाशी ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले, दुसरीपाशी २ टक्क्यांच्या आत. सगळेच करतात म्हटल्यावर माणसाला करायला मोकळीक मिळते. काकांची फॉरवर्ड ही ती पहिली पाटी आहे.

दादाच्या शेजारच्या शेडमध्ये एक पाटील आहेत, काम तेच, कस्टमरही जवळपास तेच, म्हणजे पोस्टच्या हिशेबाने एक नंबरचा खेकडा. लेथ गेल्यापासून दादा त्यांच्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) रात्री दहानंतर आपले जॉब काढतो, ते फक्त विजेचे पैसे घेतात. काकांना हे मी काल फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले "बिल आलं का त्याचं?"

नाही आलं. सोमवारी आठवा महिना लागतोय.