भाऊरायांसाठी मोफत कायदेशीर सल्ला

भाऊबंदांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा येऊन आदळला. ‘ब्रेकिंग! सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल! वडील ९ सप्टेंबर २००५ च्या आधी वारले असतील तर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हक्क नाही.’ वर तराजू, खाली जोडलेले हात. तासाभरात अंगठ्यांची रांग लागली. अंगठे कुणाचे, तर ज्यांच्या बहिणी त्याच ग्रुपात गप्प बसून वाचत होत्या त्यांचे. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपास आणि रिंग रोडसाठी भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्यापासून आमच्या भागातल्या भाऊरायांचा कायद्याचा अभ्यास फार वाढलाय. त्यात खंड पडू नये म्हणून थोडे सल्ले. फी नको.

सर्वांत आधी, निकालाची तारीख बघायची नाही. हा निकाल खोटा नाही, एवढं तुमच्या बाजूनं आहे. प्रकाश विरुद्ध फुलवती, १६ ऑक्टोबर २०१५. गंमत म्हणजे तो दावा आपल्याच बेळगावच्या दिवाणी कोर्टात १९९२ साली लागलेला. वडील १९८८ मध्ये वारलेले, मुलीनं १/७ हिस्सा मागितला होता. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की मुलीला मुलाइतका हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती लागू व्हायची तर ९ सप्टेंबर २००५ ला वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. इथवर वाचलंत ना? थांबा. पुढचं वाचलं की फॉरवर्ड करायची मजा जाते. पुढचं असं, की ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी फुलवतीच्या निकालाचं नाव घेऊन तो निष्कर्ष मोडीत काढला. मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार. बाप त्या तारखेला जिवंत असण्याची अट नाही. बेळगावात सुरू झालेली गोष्ट दिल्लीत कशी संपली हे बेळगावालाच कळू नये, यासाठी तुम्ही जी मेहनत घेताय तिला तोड नाही.

दुसरं, कोर्ट कुठलं हे विचारायचं नाही. ‘वडिलांच्या मालमत्तेत मुलीला हक्क नाही : हायकोर्ट’ ही दुसरी लाडकी बातमी. ती मुंबई हायकोर्टाची, नोव्हेंबर २०२४ ची. त्यातले वडील १९५२ मध्ये वारलेले, म्हणजे हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला आला त्याच्याही आधी, आणि मागे विधवा होती. तुमचे वडील गेल्या पावसाळ्यात गेले. पण एवढा बारीक फरक कोण बघतो? शिवाय आपलं अपील जातं धारवाडच्या खंडपीठात, ते कर्नाटक हायकोर्टाचं, आणि मुंबईचा निकाल तिथे बंधनकारक नाही. सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होवो, बहिणीच्या वाट्यापुरते आपण मुंबईत कधीच जाऊन बसलोय.

कोर्टानं नुसती नोटीस काढली की ‘कोर्टाचा दणका’ लिहायचं.

न्यायमूर्ती सुनावणीत काही बोलले की तो ‘आदेश’.

अपिलाची परवानगी मागणारी विशेष अनुमती याचिका एका ओळीत फेटाळली गेली की ‘सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब’. कारणं न देता फेटाळलेली याचिका म्हणजे खालच्या निकालाला मान्यता नव्हे, हे खुद्द सुप्रीम कोर्टानं २००० साली स्पष्ट केलंय. पण तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, त्यामुळे ते धरायचं नाही.

(महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी ‘उद्या निर्णायक सुनावणी’ वाचून आपण तयार झालेले वाचक आहोत. आपल्याला काहीही चालतं.)

बहिणीचं लग्न १९९४ च्या आधी झालं असेल तर आणखी सोपं. कर्नाटकानं ३० जुलै १९९४ पासून मुलींना हिस्सा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. ते वगळणं २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर उरलं नाही. तुम्ही मात्र १९९४ वरच थांबा. घड्याळ बंद पडलं म्हणून कुणी वेळ सांगायचं सोडत नाही.

आता तोंडी वाटणी. ‘आबांनी सगळ्यांसमोर वाटून दिलं होतं’ असं म्हणायचं आणि ‘सगळ्यांत’ हयात कोणी नाही याची खात्री करायची. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्रानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणीच कायद्यानं वाचवली आहे. तोंडी वाटणी मानायची तर पाठीशी सरकारी दप्तराचा पुरावा हवा, नुसती साक्ष चालत नाही, असं २०२० च्या निकालात आहे. दप्तर म्हणजे काय? वेगळे उतारे, मालकाच्या, म्हणजे ९ नंबरच्या, कॉलममध्ये वेगळी नावं, वेगवेगळ्या भरलेल्या पट्ट्या. तुमच्या आरटीसीवर, म्हणजे कर्नाटकातल्या सात-बारावर, आजपर्यंत आबांचंच नाव आहे. ते तसंच ठेवून ‘वाटणी झालीय’ म्हणायला छाती लागते, आणि ती तुमच्याकडे आहे.

हिशेब मात्र मांडायचा नाही. मांडलाच तर असा निघतो : वडिलोपार्जित चार एकर, वडील वारले, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण. मूळ १९५६ च्या हिशेबानं आई, वडील आणि दोन मुलगे असे चार वाटे, म्हणजे वडिलांचा १/४. तो चार वारसांत वाटला की बहिणीला १/१६. दहा गुंठे. दुरुस्तीनंतर बहीणही मूळ वाटणीत येते. वाटे पाच, तिचा १/५, आणि वडिलांच्या १/५ चा चौथा भाग. बेरीज १/४. एक एकर. म्हणजे हा मेसेज तीस गुंठ्यांचा आहे. रस्त्याकडेच्या तीस गुंठ्यांचा. त्याला हात जोडलेले का असतात ते आता कळलं असेल.

आणि वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला टिळकवाडीतला प्लॉट? त्याला २०१५ चा निकाल लागूच नव्हता. मृत्युपत्र नसेल तर स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, मुलगा, मुलगी सारखेच, आणि हे १९५६ पासून. तरी मेसेजमध्ये तोही कोंबायचा. कोण तपासतंय?

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला सहीचा. मुहूर्त तेराव्या दिवसाचा. पाहुणे असतात, बहिणीच्या डोळ्यांत पाणी असतं, ती वाद घालत नाही. जेवणं उरकली की कागद पुढं करायचा : ‘अक्का, हितं सही कर की गे, नाडकचेरीत वारसा लावायचाय, नुसती फॉर्मॅलिटी हाय.’ नाडकचेरी म्हणजे आपलं महसूल कार्यालय. कागद कन्नडमध्ये. अक्का मराठी शाळेत सातवी शिकलेली. आत वंशावळीची वर्दी आहे की ‘मला हिस्सा नको’ असा जबाब, हे तिला कळायचा प्रश्नच येत नाही. तुम्ही वाचून दाखवायचं नाही. मग वारसा नोंदीच्या अर्जात बहिणीचं नाव टाकायचंच नाही, किंवा टाकून पुढं ‘संमती’ लिहायचं. तलाठ्यानं चावडीवर नोटीस लावली तर ती सासरच्या गावाहून बघायला थोडीच येणार? हरकतीची मुदत गेली की आरटीसीवर दोघा भावांची नावं. पेढे.

यात पुढं काय बिघडतं तेही सांगतो, कारण सल्लागारानं धोके सांगावेत. उताऱ्यावरचं नाव मालकी देत नाही. ती नोंद शेतसाऱ्यासाठी असते, हे कोर्टं सांगून दमली. स्थावरातला हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, नाडकचेरीतला जबाब पुरत नाही. म्हणून मग पाच-दहा वर्षांनी बँक सर्च रिपोर्ट मागते आणि वकील विचारतो, ‘बहिणीची हक्कसोड कुठंय?’ भूसंपादनाचा मोबदला आला आणि एका बहिणीनं जरी हरकत घेतली, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-एच (४) खाली वाटपाचा वाद दिवाणी कोर्टात जातो. पैसा तिथं अडकतो. दावा चालू असताना जमीन विकली तर घेणारा दाव्याच्या निकालाला बांधलेला. प्राथमिक हुकूमनामा जुन्या हिश्श्यानं झाला असेल तरी अंतिम हुकूमनामा होईपर्यंत हिस्सा बदलून मागता येतो, हे २०११ पासून ठरलेलं. मग तुम्ही एसी (असिस्टंट कमिशनर) ऑफिस, दिवाणी कोर्ट, धारवाड अशा खेपा घालणार आणि कट्ट्यावर बसून म्हणणार, ‘बहिणीनं माहेर तोडलं.’

तिनं तोडलं?

बारा वर्षं आईचं हागणं-मुतणं काढायला तीच येत होती, खानापुराहून एसटीनं. तेव्हा कुणी ‘तुझं लग्न १९९४ च्या आधी झालंय, तू येऊ नकोस’ म्हणालं नाही. निकाल फुकट वाचायला मिळतात. सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर पोर्टलवर जायचं, दोन नावं टाकायची. विनीता शर्माचा निकाल लांबलचक आहे, पण शेवटी पाच मुद्द्यांत निष्कर्ष दिलाय. चहा गार व्हायच्या आत वाचून होतो. इंग्रजी येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीला वाचून दाखवायला सांगा. नाही सांगणार. कारण तिलाही कळेल.

मेसेज गैरसमजातून टाकला म्हणे. २०२० सालीच मोडीत निघालेला निकाल ‘आत्ताचा’ म्हणून टाकता, त्याच्या खाली दुसऱ्यानं खरा निकाल टाकला की ‘ग्रुपवर वाद नको’ म्हणून तो काढायला लावता, याला गैरसमज म्हणत नाहीत. हिस्सा द्यायचा नसेल तर तसं तिला तोंडावर सांगा. हक्कसोडच हवी असेल तर तिला सब-रजिस्ट्रारकडं न्या, कागद आधी मराठीत वाचून दाखवा, एक एकराचे किती देणार तो आकडा त्यात लिहा, आणि तिचा वकील शेजारी बसू द्या. एवढं जमत नसेल तर तेराव्याला कागद घेऊन बसू नका.