भरतीला रविवार कळत नाही

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला जायचं ठरलं की माणसं जमतात, सुट्ट्या जुळतात, कुणाच्या तरी माळ्यावरची दुर्बीणही सापडते. मग कुणीतरी विचारतं, "बोट किती वाजता?" आणि तिथून पुढचा कारभार चंद्राच्या हातात जातो.

ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. खाडीला त्याचं काही नाही. ती दिवसातून दोनदा भरते, दोनदा ओसरते, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. या रविवारी सकाळी नऊला असलेली गोड भरती पुढच्या रविवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास, डोकं तापवणाऱ्या उन्हात येते. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. उत्तर ढोबळ असतं, शिवाय खाडीत आतवर पाणी पोहोचायला अजून थोडा वेळ लागतो. सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे गणित टाकून बघा. इतकी शांतता मी दुसऱ्या कशाने पसरलेली पाहिली नाही.

खरी मेख पुढे आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो, रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, त्यावर पंगतीला बसतात, पण बोट तरंगायला पाणी नसतं. पूर्ण भरतीला पाणी भरपूर, पण चिखल बुडालेला आणि मंडळी नेरूळकडच्या पाणथळींवर वामकुक्षीला गेलेली. म्हणून पाणी चढताना किंवा उतरताना, काठाला चिखलाची चिंचोळी पट्टी उरलेली असते तेव्हाच जायचं. त्या पट्टीवर सगळे खेटून उभे असतात, लोकलच्या दारात उभे असावेत तसे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी भराभर चढतं आणि पट्टी बघता बघता गायब होते. "पाचच मिनिटांत पोहोचतो" म्हणणाऱ्याची वाट तेव्हा तरी बघू नये.

महिनाही बघावा लागतो. पक्षी हिवाळ्याच्या तोंडाशी यायला लागतात, मोठे थवे जानेवारीनंतर, आणि पावसाळ्याआधी बहुतेक निघून जातात. ऑगस्टात गेलात तर हिरवळ छान दिसेल.

बोटीत उभं राहायचं नाही, हे सांगूनही पहिला थवा दिसताच सगळे एका बाजूला उठतात. सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारनंतर पूर्वेकडे बघावं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. उलट केलंत तर गुलाबी पक्षी काळे दिसतात. मोबाईलमध्ये ते तसेही गुलाबी रेघच असतात. आठपट दुर्बीण पुरते, त्याहून ताकदवान दुर्बिणीतून डुलत्या बोटीत फक्त स्वतःच्या हाताचा कंप दिसतो. गडद लाल चोचीचा बुटका तो लहान रोहित. फिकट गुलाबी चोच, टोक काळं आणि मान लांबलचक तो मोठा. राखाडी दिसणारा आजारी नाही, लहान वयाचा आहे. रंग खाण्यातून चढतो, त्याला वेळ लागतो. आणि उलटा वाकणारा तो गुडघा नाही, घोटा आहे. हे शेजारच्याला सांगायचा मोह आवरावा; मला अजून जमलेलं नाही.

सडक्या अंड्यांसारखा वास येतो तेव्हा एकमेकांकडे संशयाने बघू नये. चिखलात प्राणवायू नसतो, तिथल्या जिवाणूंनी सोडलेला तो वायू आहे.

आणि भरती हुकलीच, तर तिवरांमधल्या लाकडी पायवाटेवर जावं. ओहोटीलाच तिथली खरी गंमत: चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या (हे मासेच), एकच भलीमोठी नांगी हलवून मादीला बोलावणारे खेकडे, आणि श्वास घ्यायला चिखलातून वर उभी राहिलेली तिवराची मुळं. फक्त घरी निवटीचा फोटो दाखवल्यावर "यात फ्लेमिंगो कुठाय?" या प्रश्नाची तयारी ठेवावी.