लुईचा रंग आणि पर्वरीचा खापरी

डिसेंबरात इंग्लंडमधल्या स्विंडनला दुपारी चारला दिवस मावळतो. माझी ड्यूटी रात्रीची, केअर होममध्ये. अंधारात निघायचं, सकाळी आठला परतताना कुठे उजाडायला लागलेलं असतं. पडदे ओढून झोपायचं, उठेपर्यंत पुन्हा काळोख. अशाच दिवसांत मी 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' ही मालिका पाहिली. पहिल्या सीझनचे सात भाग, दुसऱ्याचे आठ, सुटीच्या दिवशी दोन-दोन करून. तेव्हापासून माझा आणि दादाचा वाद चालू आहे.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, म्हापशाजवळच्या गावात राहतो. आमच्या घरात बोलणं कोकणी आणि वाचणं मराठी. गावच्या वाचनालयातली नारायण धारपांची खाकी कव्हर घातलेली पुस्तकं आम्ही दोघांनी मिळून संपवली. एक पान त्याने मोठ्याने वाचायचं, एक मी. वीज गेली की पुस्तक तिथेच मिटायचं, कारण मेणबत्तीच्या उजेडात धारप वाचायची दोघांचीही छाती नव्हती. पुढे दादाला इंग्रजीची गोडी लागली ती कळंगुट-हणजुणच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांमुळे. पर्यटक जाताना टाकून जायचे ती पुस्तकं तिथे स्वस्तात मिळायची. तिथेच त्याला अ‍ॅन राइस सापडली. मग तिची व्हॅम्पायरची पुस्तकं मिळतील तशी त्याने जमवली. आजही गणपतीनंतर ऊन पडलं की ती अंगणात सुपावर मांडून ठेवतो, बुरशी धरू नये म्हणून. माणसाचं पुस्तकांवर असं प्रेम असेल तर त्याच्या रागालाही मान द्यावा लागतो.

राग कशाचा, ते सांगते. 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' ही राइसची पहिली कादंबरी, 1976 ची. तिच्यातला लुई 1791 साली न्यू ऑर्लिन्सजवळ निळीच्या मळ्यांचा मालक असतो. गोरा, श्रीमंत, भावाच्या मृत्यूने खचलेला. लेस्टात नावाचा एक व्हॅम्पायर त्याला आपल्यासारखा करतो. 1994 च्या चित्रपटात भावाच्या जागी बायको आणि मूल आलं, बाकी हे असंच होतं आणि पटकथा राइसनेच लिहिली होती. 2022 मध्ये एएमसी या अमेरिकन वाहिनीवर मालिका आली आणि तिने काळ उचलून 1910 वर नेला. लुई आता कृष्णवर्णीय क्रिओल, म्हणजे तिथल्या फ्रेंच वळणाच्या मिश्र वंशाच्या, घराण्यातला आहे आणि शहराच्या स्टोरीव्हिल या बदनाम वस्तीत त्याचा धंदा आहे. जेकब अँडरसनने ती भूमिका केली आहे.

दादाचं म्हणणं असं: "नावं तीच ठेवायची आणि माणूस दुसरा करायचा, तर आपली नवी गोष्ट लिही मगे! बाई 2021 च्या डिसेंबरात गेली, मालिका दुसऱ्या वर्षी आली. विचारणार कोणाला?" आमच्या गावात यावर आणखी चार जण बोलायला मिळाले आणि सगळ्यांचा सूर एकच. तिकडचे लोक हल्ली प्रत्येक गोष्टीत रंग घुसडतात, कलेत राजकारण आणतात. हा सूर मला नवा नाही. सुटीत घरी गेले की कुठल्याही मालिकेबद्दल, कुठल्याही नाटकाबद्दल तो कानावर पडतो.

दादाचा निम्मा मुद्दा मला मान्य आहे आणि तो क्लॉडियाचा. पुस्तकातली क्लॉडिया, लुई आणि लेस्टातने व्हॅम्पायर केलेली मुलगी, पाच वर्षांची आहे. राइसची मुलगी मिशेल 1972 साली रक्ताच्या कर्करोगाने गेली, सहावं वर्ष पुरं होण्याआधीच. त्या दुःखातून बाहेर येता येता तिने ही कादंबरी लिहिली. पुस्तकातल्या त्या मुलीचं मन बाईचं होत जातं आणि देह पाचव्या वर्षीच थांबतो. स्वतःच्या केसांची गाठही तिला धड सोडवता येत नाही अशा वयाचा देह, आणि आत साठ वर्षांची समज. वाचताना पोटात खड्डा पडतो. चित्रपटात कर्स्टन डन्स्ट अकराएक वर्षांची होती. मालिकेत क्लॉडिया चौदाची झाली आणि ती भूमिका मोठ्या वयाच्या मुलींनी केली, पहिल्या सीझनला एकीने, दुसऱ्याला दुसरीने. कारणं उघड आहेत. पाच वर्षांच्या मुलीकडून हे सगळं करून घेता येत नाही, घेऊही नये. चौदाव्या वर्षी अडकून पडण्याचं दुःखही त्यांनी नीट दाखवलं आहे. पण ती गोष्ट वेगळी. आईने आपलं मेलेलं मूल कायमचं त्याच वयात जपून ठेवावं, ही मुळातली कळ हरवली. इथे दादा बरोबर आहे आणि मी त्याला तसं सांगितलं.

लुईबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही.

त्याला मी म्हटलं, ती पहिली शंभर पानं पुन्हा काढ. लेस्टात कोणाचं रक्त पितो? मळ्यावरच्या गुलामांचं. मालक माणूस राहिलेला नाही हे आधी कोणाला कळतं? त्याच गुलामांना. रात्री मालकाच्या घरात काय चालतं हे जे रोज जवळून बघतात, त्यांना. पण गोष्ट सांगायला मिळते मालकाला. तो दोनशे वर्षं हळहळतो, आणि ज्यांच्या रक्तावर तो जगला त्यांना पुस्तकात एक-दोन वाक्यांपलीकडे तोंड नाही. वीस वर्षांची असताना मी ते वाचलं तेव्हा मला हे खटकलंसुद्धा नव्हतं. लुईच्या दुःखाने मी रडले होते.

मालिकेने खुर्ची बदलली. मुलाखत द्यायला आता तो बसला आहे ज्याचा रंग त्या मळ्यावर राबणाऱ्यांचा आहे. त्याच्याकडे पैसा आहे, सूट आहे, शहाणपण आहे, तरी गोऱ्या सावकारांच्या टेबलाशी त्याला हसून गप्प राहावं लागतं. लेस्टात जेव्हा त्याला मरण नसलेलं आयुष्य देऊ करतो तेव्हा तो 'हो' का म्हणतो, हे पुस्तकापेक्षा मालिकेत मला जास्त पटलं. आणि मालक कोण, प्रेम कुठे संपतं आणि मालकी कुठे सुरू होते, हा राइसचाच प्रश्न तिथे जास्त जळजळीत होतो. रूपांतर करणाऱ्याने पुस्तकाची तहान ओळखावी, इतकंच माझं मागणं आहे. 'ट्रू ब्लड' या दुसऱ्या व्हॅम्पायर-मालिकेतही हेच झालं होतं. शार्लेन हॅरिसच्या कादंबऱ्यांत लाफायेत हा कृष्णवर्णीय स्वयंपाकी दुसऱ्या पुस्तकाच्या तोंडालाच मेलेला सापडतो. मालिकेने त्याला जगवलं, शेवटपर्यंत. आज त्या मालिकेतलं लोकांना जे आठवतं त्यात तो पहिला.

इथे दादा म्हणाला, "तुला परदेशात राहून हे दिसायला लागलं." खरं आहे. आणि कसं दिसलं तेही सांगते, कारण ते मला शोभणारं नाही.

माझ्याबरोबर रात्रपाळीला एक बाई आहे. तिचं घराणं मोझांबिकचं, पोर्तुगालमार्गे इथे आलेलं. माझ्यासारखाच पोर्तुगीज पासपोर्ट. एका रात्री ब्रेकमध्ये मी आईला फोन लावला होता. तिकडे पहाट, पण भाचा तापाने उठून बसलेला, दूध घेईना. मी स्पीकरवरून त्याला लाडाने दटावलं, "दूद पियेना जाल्यार खापरी येतलो हां!" आम्ही सगळे हेच ऐकत वाढलो. काळाकुट्ट खापरी चिंचेवरून उतरतो आणि हट्टी पोरांना नेतो.

फोन ठेवला तर ती माझ्याकडे बघत होती. हातातला कप तिने खाली ठेवला होता. कोकणी तिला येत नाही. तिने फक्त तो एक शब्द उचलला होता आणि सावकाश विचारलं, "काफ्र म्हणालीस?"

अरबी 'काफिर' पोर्तुगीजांच्या तोंडी 'काफ्र' झाला, आफ्रिकेतल्या काळ्या माणसासाठीची शिवी झाला, आणि तोच आमच्याकडे 'खापरी' होऊन चिंचेवर जाऊन बसला. मी तिला काय सांगणार होते? भूत आहे म्हणून? तिच्या आजीला लिस्बनमध्ये कोणीतरी हाच शब्द तोंडावर मारला होता, असं तिने नंतर सांगितलं. रागावली नाही. मला ती रागावलेली चालली असती.

गोव्यात हा माणूस आला कुठून, हे आपण शाळेत शिकलो नाही. लिन्स्कोटेन नावाचा डच माणूस 1583 ते 1588 गोव्यात होता. जुन्या गोव्याच्या रुआ दिरैता या हमरस्त्यावर रोज सकाळी बाजार भरायचा, तिथे घोड्यांसारखीच माणसंही लिलावात विकली जायची, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मोझांबिकहून आणलेले गुलाम त्यात होते. पोर्तुगालने कायद्याने गुलामगिरी मोडली ती 1869 साली. म्हणजे पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ ही माणसं आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या डोळ्यांसमोर राबत होती, पळत होती, रानात मरत होती. त्यांचं उरलं काय? एक भूत. आणि काही ठिकाणी एक देव.

पर्वरीचा खाप्रेश्वर सगळ्यांना माहीत आहे. म्हापशाहून पणजीला जाताना वडाखाली त्याचं स्थान होतं. लहानपणी कदंबाच्या बसमधून जाताना ड्रायव्हरचा हात आपोआप कपाळाकडे जायचा आणि आमचाही. 2025 च्या सुरुवातीला उड्डाणपुलासाठी तो वड आणि ते स्थान हलवलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. मी इथून फोनवर बघत होते आणि माझेही डोळे भरून आले. दादा तर दोन दिवस तिथेच होता. आमचा राखणदार आहे, त्याला जागचा हलवू नका, असं तो कळवळून सांगत होता. तो राखणदार मुळात कोण, हे मात्र त्या सगळ्या गदारोळात मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. नावातच तो उभा असूनही.

म्हणून मी दादाला विचारलं. वडाखाली तुला खापरी आपला वाटतो, त्याच्यासाठी तू पोलिसांपुढे उभा राहतोस. मग पडद्यावर तोच माणूस खुर्चीत बसून "माझी गोष्ट मी सांगतो" म्हणाला, तर ते घुसडणं कसं?

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आर्मांदचं काय?" वाद जिवंत ठेवायची त्याची जुनी खोड. आर्मांद हा गोष्टीतला आणखी एक व्हॅम्पायर, पुस्तकात कीव्हचा, तांबूस केसांचा. मालिकेत त्याचं मूळ नाव अरुण, दिल्लीत जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला. असद झमानने तो केला आहे. मला विचाराल तर तोही बदल उगाच नाही. हिंदी महासागरातून दोन्ही दिशांना माणसं विकली गेली, हे आपण विसरलो म्हणून ते खोटं ठरत नाही. आणि रूपांतराचीच तक्रार करायची तर ती जुनी आहे. रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा आपल्या वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. आमोण्याचा, लोलयेचा वेताळ, गावाची रात्रीची राखण करणारा. आरवलीला ज्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, फिरून फिरून त्याच्या झिजतात म्हणून. त्याला रक्तपिपासू ठरवताना कोणी गावकऱ्याला विचारलं नव्हतं. तिथे ज्याची गोष्ट त्याच्याकडून ती काढून घेतली. इथे ज्याच्याकडून घेतली होती त्याला परत दिली. दोन्हीला रूपांतरच म्हणतात, पण मला दोन्ही सारखी वाटत नाहीत.

दादा गावच्या जत्रेसाठी दर वर्षी नाटक बसवतो. दोन अंकी, मराठीत, रात्री साडेदहाला सुरू होऊन पहाटे संपणारं. दोनदा त्याच्या नाटकात खापरी आला आहे, अंगाला काजळ फासून, पोरांना हसवायला आणि भिववायला. मी त्याला म्हटलं, या वर्षी त्याला काजळ नको, वाक्यं दे. तो रुआ दिरैतावर विकला गेला तिथून सुरू कर.

काल रात्री त्याचा फोन आला. पहिला प्रवेश लिहून झाला होता, पण अडला होता. "बाय, ताजें नांव कितें दवरूं? खापरी म्हणून हाक मारली की पुढचं वाक्यच सुचत नाही."

मी कामावर होते. रात्रपाळीच्या त्या मोझांबिकच्या सोबतिणीला विचारलं. तिने थोडा वेळ घेतला, मग आजीच्या माहेरची तीन नावं ब्रेकरूममधल्या रोस्टरच्या पाठीवर लिहून दिली आणि प्रत्येकाचा उच्चार दोन-दोनदा करून दाखवला. मी ते रेकॉर्ड करून दादाला पाठवलं आहे.