एक पान, चौदा मॅन्युअल

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात १४ जातींचे पंप बनतात आणि त्या सगळ्यांची मॅन्युअल मी लिहितो. पंप वेगळे, पण 'सुरक्षा सूचना' हे पान सगळ्यांना एकच. मेन स्विच बंद करूनच हात लावा, अर्थिंग करा, पंप कोरडा चालवू नका, अडचण आल्यास अमुक नंबरावर फोन करा.

मार्चमध्ये तो नंबर बदलला. मग १४ वेळा कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. वर्डमध्ये मजकूर एकटा येत नाही, बिऱ्हाड घेऊन येतो. सहाव्या मॅन्युअलात सूचना १ ऐवजी ७ पासून सुरू झाल्या, नवव्यात फॉन्टच बदलला, आणि अकरावं उघडलं तेवढ्यात चहा आला. ते राहिलं, हे जूनमध्ये एका गिऱ्हाइकाने कळवलं. जुन्या नंबरावर नव्हे, अर्थातच.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना माझी दया आली. त्यांनी वर्डमधलं 'इन्क्लूड-टेक्स्ट' हे फील्ड, म्हणजे दुसऱ्या फाइलीतला मजकूर आणून दाखवणारा कोड, दाखवलं. पान एकाच फाइलीत ठेवायचं, बाकीच्यांनी तिथून घ्यायचं. आई एकदाच गोडा मसाला करते आणि तिन्ही लेकींकडे डबे जातात, तसं. मूळ फाइल सुधारा, मॅन्युअल उघडून कंट्रोल-ए, मग मजकूर ताजा करायला एफ-नाइन. झालं! फक्त फील्डचे महिरपी कंस हाताने टाइप केलेले चालत नाहीत, ते कंट्रोल-एफ-नाइननेच उमटवायचे, आणि फाइलच्या पत्त्यातली प्रत्येक तिरकी रेघ दोनदा द्यायची. एवढं कळायला माझी अख्खी दुपार गेली. पण त्या संध्याकाळी नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा मी शीळ घालत होतो.

मग साहेबांनी तिसरं मॅन्युअल उघडून, तासभर खपून सूचनांची भाषा सुधारली. तिथे दिसणारा मजकूर पाहुणा आहे, हे त्यांना कोण सांगणार? मी नेमाने एफ-नाइन दाबलं. तासाभराची भाषा क्षणात माहेरी गेली, आणि साहेब माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच कोरडा चालवलेला पंप.

तरी खरी गंमत नागपूरची. तिथल्या सर्व्हिसवाल्यांना फाइली मेल केल्या, मसाल्याचा डबा मात्र माझ्याच डी ड्राइव्हवर. छापण्याआधी फील्ड अपडेट व्हावीत, अशी खूण त्यांच्या कॉम्प्युटरवर केलेली. दुपारी फोन आला.

"सर, वर 'सुरक्षा सूचना' आहे, अन् खाली जाड अक्षरात 'एरर! नॉट अ व्हॅलिड फाइलनेम'. बाकी पान कोरं. गिऱ्हाईक विचारून राहिला, हे पाळायचं कसं?"

शेवटी चौदाही फाइलींत कंट्रोल-शिफ्ट-एफ-नाइन दाबून नाती तोडली. मजकूर जिथल्या तिथे गोठला. फाइली पुन्हा नागपूरला पाठवतोय तोच साहेब टेबलाशी आले.

"त्या सुरक्षेच्या पानावर एकच ओळ वाढवायची आहे. पंप चालू असताना कपलिंगचं गार्ड काढू नये. दोन मिनिटांचं काम."

मी चहा नको म्हणून सांगितलं आणि या खेपेला अकराव्यापासून सुरुवात केली.