एचपीएलसीचा कोर्स नंतर, आधी ब्युरेट धरा

केमिस्ट्रीचे निकाल लागले की माझ्या इनबॉक्सात एकच प्रश्न येऊन पडतो. "मॅडम, एचपीएलसीचा कोर्स करू का?" एचपीएलसी म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. प्रश्नासोबत जाहिरातीचा फोटो असतो. त्यात शंभर टक्के प्लेसमेंट, रंगीत सर्टिफिकेट आणि फी अशी की घरच्यांना साठवलेलं सोयाबीन विकायला काढावं लागेल. माझं उत्तर दरवर्षी तेच असतं आणि दरवर्षी ते कुणालाच आवडत नाही. नका करू. आधी सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.१ नॉर्मल तीव्रतेचं द्रावण करायला शिका.

थट्टा करत नाहीये. औषध कंपनीच्या क्यूसीसाठी (औषध तपासणाऱ्या विभागासाठी) मुलाखती घ्यायला बसते तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच असतो. "चार ग्रॅम, एक लिटर पाण्यात," हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. मग मी विचारते, झालं ०.१ नॉर्मल? बहुतेक जण मान डोलावतात. अरे, ते हवेतली ओल खेचतं, कार्बन डायऑक्साइड खेचतं. तुम्ही तोललेले चार ग्रॅम हे चार ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड नसतातच. म्हणून ते केएचपी (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) या नेमकं तोलता येणाऱ्या पदार्थासमोर स्टँडर्डाइज करायचं आणि खरी नॉर्मॅलिटी काढून बाटलीवर तारखेसकट लिहायची. असलं टायट्रेशन (ब्युरेटमधून थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजणं) पदवीच्या पहिल्याच वर्षात प्रत्येकाने केलेलं असतं. केलेलं असतं म्हणजे जर्नलमध्ये उतरवलेलं असतं.

ग्यानबाची मेख इथेच आहे. आपल्याकडे प्रॅक्टिकलला टायट्रेशन करायचं नसतं, सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे तेच ते रीडिंग) आणायचा असतो. ९.८, ९.८, ९.८. त्यातलं पहिलं रीडिंग खरं, उरलेली दोन त्याची मानलेली भावंडं. सरांनाही ठाऊक असतं, एक्स्टर्नललाही ठाऊक असतं, आणि मार्क मिळतात. पाच वर्षं हे केलं की हात बसतो. मग तोच हात रेझ्युमे लिहितो: "एचपीएलसी, जीसी, यूव्ही, आयआर हाताळण्याचा अनुभव." कॉलेजातलं एचपीएलसी म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून पुसलेलं, कुलूप लावलेल्या खोलीतलं यंत्र. त्याच्याजवळ उभं राहून काढलेला फोटो हा अनुभव होत नाही.

कंपनीत नेमकं उलटं चालतं. एचपीएलसीवर एकच स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचं द्रावण) पाच वेळा इंजेक्ट केलं तर पाचही वेळा एरिया (आलेखातल्या उंचवट्याचं क्षेत्रफळ) थोडा थोडा वेगळा येतो. किती फरक चालेल याची मर्यादा पद्धतीत लिहिलेली असते, बहुतेक ठिकाणी आरएसडी (सरासरीच्या तुलनेत आकड्यांमधली तफावत) दोन टक्क्यांच्या आत. पाचही आकडे तंतोतंत सारखे दिसले तर ऑडिटर खूश होत नाही, खुर्ची पुढे ओढून बसतो. कुणी कधी लॉगइन केलं, कोणतं इंजेक्शन अर्ध्यावर थांबवलं, कोणता पीक (आलेखातला उंचवटा) पुन्हा इंटिग्रेट केला म्हणजे मोजला, हे सगळं ऑडिट ट्रेलमध्ये (आपोआप होणाऱ्या नोंदींत) उमटतं. १९९३ साली अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात कोर्टाने बजावलं होतं की फेल झालेलं सॅम्पल पास होईपर्यंत तपासत बसायचं नाही, आधी ते फेल का झालं याचा शोध घ्यायचा. आज आपल्या प्रत्येक लॅबमध्ये ओओएसची (मर्यादेबाहेर गेलेल्या निकालाची) जी फाइल भरावी लागते तिच्यामागे तो निकाल आहे. २०१३ मध्ये रॅनबॅक्सी या औषध कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर मोजले. त्या प्रकरणात खोट्या चाचणी-नोंदींचाही भाग होता.

म्हणून माझा दुसरा प्रश्न असा असतो: "रीडिंग लिमिटबाहेर आलं, बॅच आजच पाठवायची आहे, सीनियर घरी गेलाय. काय करणार?" "परत एकदा करून बघेन," असं म्हणणारे ढिगाने भेटतात. एका मुलाने सांगितलं, "काहीच ओतून टाकणार नाही, सगळे फ्लास्क तसेच ठेवीन आणि फोन करीन." त्याच्या रेझ्युमेत "एचपीएलसी: फक्त पाहिलं आहे" असं लिहिलेलं होतं. आम्ही त्याला घेतला. यंत्र त्याला कंपनीने शिकवलं, आणि तसं ते सगळ्यांनाच शिकवावं लागतं. एसओपी (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती) वाचायच्या, ट्रेनिंग रेकॉर्डवर सही करायची, अ‍ॅनालिस्ट क्वालिफिकेशन पार करायचं, तोवर बाहेरचं सर्टिफिकेट असो वा नसो, कुणालाही बॅचचं सॅम्पल मिळत नाही. मग फी कशासाठी भरायची?

याच्याही पुढची पायरी म्हणजे विकत घेतलेलं एक्सपिरियन्स लेटर. हा धंदा जोरात आहे, नावं घेत नाही. पण यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आल्यापासून हे पकडणं फार सोपं झालंय. दोन वर्षं नोकरी केली म्हणता, मग पीएफची नोंद कुठाय? कधीकधी ते मुलाखतीत निसटतं आणि कायम व्हायच्या वेळी पडताळणीत सापडतं. तेव्हा नोकरी तर जातेच, पुढच्या ठिकाणी ही मधली वर्षंही सांगता येत नाहीत. त्यापेक्षा रीतसर नोंदवलेली वर्षभराची अप्रेंटिसशिप करा. स्टायपेंड ऐकून वाईट वाटेल, पण तो कागद खरा असतो. आणि नोकरी लावतो म्हणून पैसे मागणारा कन्सल्टंट दिसला की उठून चालू लागा.

आता जरा भांडणाचा मुद्दा. सगळ्यांना क्यूसीच का हवं असतं? एसी असतो, पांढरा कोट असतो, आणि "मुलगी लॅबमध्ये आहे" हे स्थळाच्या बोलणीत बरं दिसतं. प्रॉडक्शन म्हटलं की तोंडं वाकडी होतात. पण औषध बनवायचा परवाना हवा तर कंपनीला पात्र तांत्रिक माणूस दाखवावा लागतो. १९४५ च्या औषध नियमांनुसार बी.फार्म.वाल्याला त्यासाठी उत्पादनातला दीड वर्षाचा अनुभव लागतो, आणि केमिस्ट्री मुख्य विषय घेतलेल्या विज्ञान पदवीधराला तीन वर्षांचा. म्हणजे साधा बी.एस्सी. झालेला मुलगासुद्धा अप्रूव्ह्ड केमिस्ट होऊ शकतो, आणि मग त्याला सहजासहजी कुणी सोडत नाही. हे कॉलेजात कुणी का सांगत नाही, देव जाणे. मुलींना प्रॉडक्शनमध्ये घ्यायला कंपन्या का कू करतात, हे खरं आहे. तो दोष कंपन्यांचा, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

नेट-सेटबद्दल एवढंच. संशोधनाची खरी ओढ असेल तर जरूर द्या, २०२३ पासून जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) महिना ३७,००० आहे. पण घरी सांगायला काहीतरी हवं म्हणून वर्षामागून वर्षं क्लास लावू नका.

जाहिराती पुण्यातच शोधू नका. महाड, लोटे-परशुराम, तारापूर, कुरकुंभ, वाळूज, गोव्यात वेर्णा, अशा औद्योगिक वसाहतींत सगळीकडे रविवारी वॉक-इन मुलाखती असतात. पहिल्या पगारात पुण्यात खोलीभाडं आणि मेस भागवताना नाकी नऊ येतात, महाडला त्यातून थोडं घरीही पाठवता येतं.

आणि कोर्सची फी भरूनच बसला असाल तर निदान वसूल करा. मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) स्वतः करा, त्यातल्या बफरचा पीएच ऑर्गॅनिक सॉल्व्हंट घालायच्या आधी स्वतः लावा, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) स्वतः बसवा, प्रेशर का वाढलं ते विचारा. नुसतं लांबून दाखवत असतील तर पैसे परत मागा. नाही म्हणाले तर ग्राहक आयोगाकडे जा.