रानात घरच्यासारखं वागा

समुद्र बघायला गोव्यात येणारा माणूस हल्ली जरा ओशाळतो. खरा गोवा आत आहे, डोंगरात आहे, असं त्याला फोनने सांगितलेलं असतं. तेव्हा तुम्हीही आत या. सत्तरी तालुक्यात या. तिथलं मोठं गाव वाळपई, ते मध्ये धरून पायी एक गोल काढा: जुनी गावं, चढउतार, रान आणि मधेमधे डुंबायला पाणी. मी इथलाच आहे, म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी, गावाचं नाव विचारू नका. गावाला नाव असलं की तिथे माणसं निघतात, आणि माणसं निघाली की त्यांना विचारत बसावं लागतं. त्यापेक्षा नकाशावर कुणीतरी टोचून ठेवलेली खूण बरी. तिच्यावर ‘हिडन जेम’ एवढंच लिहिलेलं असतं. ज्या ओसरीसमोर तुम्ही गाडी लावता त्या ओसरीवरच्या म्हातारीला आपण सत्तर वर्षं दडून बसलो होतो हे ठाऊक नसतं. ती विचारेल, “खंयचे तुमी?” उत्तर द्यायची गरज नाही. ड्रोन उडवा.

वाळपईजवळच नाणूस लागेल. तिथे फार थांबू नका, उभं असं काही उरलेलं नाही. १८५२ सालच्या २६ जानेवारीला दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध उठून इथला किल्ला घेतला आणि पुढची तीनेक वर्षं सरकारची झोप उडवली, पण दगड बघून हे कळत नाही, आणि फोटोत तर अजिबातच येत नाही. कुणी तारीख सांगितलीच, तर “अरे वा, प्रजासत्ताक दिन!” म्हणून पुढे निघा. त्या प्रजासत्ताकात यायला गोव्याला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला, हा तपशील चढावर दम लागलेला असताना कोण ऐकणार?

ब्रह्माकरमळीला मात्र थोडी पंचाईत आहे. देऊळ ब्रह्मदेवाचं, म्हणजे देशात हाताच्या बोटांवर मोजावीत तसलं. मूर्ती काळ्या पाषाणाची, उभी, सुंदर. सोळाव्या शतकात तिसवाडीतल्या करमळीत पोर्तुगीज देवळं पाडू लागले, तेव्हा भक्तांनी देव उचलला आणि या रानात आणून ठेवला. येताना गावाचं नावही बरोबर आणलं. घरं गेली, शेतं गेली, पण नाव सोडलं नाही. देवाच्या नावाला जोडून ते इथे पुन्हा रुजवलं. आता तुम्ही विचारणार, “करमळी म्हणजे ते रेल्वे स्टेशनच ना?” जरूर विचारा. पुजारी हसतील. त्यांना सवय आहे.

पुढे रान. १९९९ साली यातल्या दोनशेआठ चौरस किलोमीटरला म्हादई अभयारण्य म्हणू लागले, त्यामुळे इथे प्राणी असतात अशी एक समजूत आहे. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या बाजूला चार वाघ विषाने मेलेले सापडले, तोवर सत्तरीत वाघ आहेत की नाहीत यावरच वाद घालणारे लोक होते. तुम्हाला काही दिसणार नाही, कारण तुमचा स्पीकर तुमच्याआधी अर्धा डोंगर चढलेला असतो.

बांबरला निरंकाराची राय आहे. राय म्हणजे देवराई, देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथल्या दलदलीत रानजायफळाची झाडं उभी आहेत आणि त्यांची मुळं गुडघा मोडल्यासारखी चिखलातून वर येऊन श्वास घेतात. पिढ्यानपिढ्या इथे कुणी कुऱ्हाड लावलेली नाही, वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही असं घरची माणसं आम्हाला लहानपणी दरडावायची. तुम्हाला काटकी नकोच असते. तुम्ही फक्त त्या गुडघ्यावर बसता, चिप्स खाता आणि पिशवी देवाला ठेवून जाता.

मार्च-एप्रिलात आलात तर डोंगरभर काजू पिकलेला असेल. बोंडू झाडावरून ओढून काढा. आमचे लोक खुळ्यासारखे तो आपोआप गळायची वाट बघतात, गळालेलाच वेचतात, बी वेगळी करतात, बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, तुडवतात आणि रस भट्टीला लावतात. वर्षाचा निम्मा पैसा त्या दोन-तीन महिन्यांत उभा राहतो. तुम्ही तोडलेला बोंडू एक घास घेऊन “तुरट आहे” म्हणून टाकलात की बाग कुणाची हा प्रश्न मिटला.

आता पाण्याकडे येऊ. तुम्ही खरे आलात त्यासाठीच.

तळी देवाची असते, तिथे साबण लावला तर लोक ओरडतात. व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं पाणी पोफळीच्या कुळागराला, बागेला जातं, तिथेही कुणीतरी असतंच. धबधबे आणि सोडून दिलेल्या खाणी यांत उतरायला पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदी घालतात. ती अर्थातच दुसऱ्यांसाठी. सर्वांत निवांत जागा म्हणजे चिऱ्यांची जुनी खाण. हिरवंगार, स्थिर पाणी, चारही बाजूंनी तांबड्या भिंती, शुकशुकाट. तिला तळं म्हणा, तसं लिहून खूणही टोचा. चिरा यंत्राने कापतात, म्हणून खाणीची भिंत सरळ उभी असते. नदीसारखा उतार नाही, पाय टेकायला दगड नाही, धरायला मूळ नाही. पहिलं पाऊल गुडघाभर आणि दुसरं दोन पुरुष खोल, असंही होतं. वर शेवाळ. पोहता येणारा माणूसदेखील चढायच्या जागेसाठी भिंत चाचपत फिरतो. आमच्या शेजारचे एक आजोबा गुरं घेऊन त्या वाटेने जात, पोरं दिसली की थांबून सांगत, “बाबांनो, थंय वचूं नाकात.” तिथे जाऊ नका, एवढंच. पोरं त्यांचाच व्हिडिओ काढायची. अग्निशमन दलाचा गळ आणि दोर पाण्यात जाताना त्यांनी किती वेळा बघितला होता, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पण तुम्हाला काही होणार नाही. तुम्ही कोरडे व्हाल, वाळपईला भजी-पाव खाल, घड्याळात किती पावलं झाली ते एकमेकांना दाखवाल आणि रात्री घरी पोचाल.

आठवड्याभराने ताप भरेल. डोकं फुटेल, अंग मोडून येईल. २०१५ पासून सत्तरीत माकडताप येतो. रानातली गोचीड चावली की होतो, आणि काजू वेचणाऱ्या आमच्या कित्येकांनी तो भोगला आहे. तुमच्या शहरातल्या डॉक्टरांनी त्याचं नाव पुस्तकात एकदा वाचलेलं असेल.

ते विचारतील, “कुठे फिरायला गेला होतात का?”

“गोव्याला.”

“समुद्रावर?”

“नाही, आत. रानात.”

“कुठल्या गावाला?”

फोन काढा. खूण शोधा. ‘हिडन जेम.’