साय धरते ती नायट्रोजनमुळे

लेख आवडला, पण गिनेस या काळ्या आयरिश बिअरचा मऊपणा भाजलेल्या बार्लीतून येतो हे वाक्य पटलं नाही. बार्लीमुळे काळा रंग येतो, कडवटपणा येतो. बिअरवर फेसाची मऊ साय धरते ती नायट्रोजनमुळे. कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये सहज विरघळतो, जिभेला झोंबतो, त्याचे बुडबुडे भराभर फुगून फुटतात. नायट्रोजन जेमतेम विरघळतो. नळातल्या बारीक भोकांच्या चकतीतून बिअर दाबाने बाहेर पडली की तो एकदम सुटतो आणि बुडबुडे इतके बारीक होतात की फेस दाट बसतो, बराच वेळ मोडत नाही.

डब्लिनला पहिल्यांदा ग्लास समोर आला तेव्हा मी प्यायचं सोडून बघतच बसलो. काचेलगतचे बुडबुडे चक्क खाली चालले होते! मधला प्रवाह वर चढतो आणि कडेने उतरणारी बिअर त्या चिमुकल्या बुडबुड्यांना सोबत ओढून नेते. खाली निमुळत्या होत गेलेल्या ग्लासची ही करामत.

डब्यातल्या बिअरला हाच फेस देणारं विजेट, म्हणजे डबा उघडताच नायट्रोजन सोडणारं आतलं छोटं प्लास्टिकचं साधन, यायला १९८८ उजाडलं. पण मुळात १९५९ मध्ये गिनेससाठी नायट्रोजनचं हे गणित जमवलं ते मायकेल अ‍ॅश यांनी, आणि ते खरोखरच गणितज्ञ होते. त्यांचं नाव लेखात यायलाच हवं होतं.